धागा: डेक्सा, जस्त आणि मेटॅलोथायोनिन. एकाच जनुकाची दोन दारं

ताळगावपठार

नमस्कार मंडळी. विषय मेटॅलोथायोनिनचा, म्हणजे जस्त, कॅडमियम असे धातू धरून ठेवणाऱ्या छोट्या प्रथिनाचा, पुढे नुसतं एमटी म्हणतो. मानवी पेशीत हे प्रथिन संप्रेरकाने वाढतं आणि धातूनेही. सध्याची मांडणी: हेला आणि (यकृताच्या) हेपजी-२ पेशी, डीएमईएम या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, १० टक्के सीरम, डेक्सामेथासोन (डेक्सा, कृत्रिम स्टेरॉइड संप्रेरक) १०० नॅनोमोलार किंवा झिंक क्लोराइड १०० मायक्रोमोलार, आणि २४ तासांनी पेशी उचलायच्या.

अडतंय ते असं. हेलामध्ये डेक्साने एमटी-२ए (एमटीचा एक प्रकार) या जनुकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, जेमतेम वाढतो, हेपजी-२ मध्ये तेवढाही नाही. जस्ताचा परिणाम एका खेपेला भरपूर, दुसऱ्या खेपेला नावापुरता. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) तर कुठल्याच लेनमध्ये बँड नाही. आणि परीक्षक हमखास विचारतील तो प्रश्न: डेक्सा जनुकाला थेट हात लावतं, की पेशीत जस्त ओढून आणतं आणि पुढचं काम जस्तच करतं?

पेट्रीबशी

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. बाकीची मांडणी त्याच्या उत्तरावर उभी राहते.

एमटी-२ए च्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात, दोन वेगळी दारं आहेत. संप्रेरकाचं दार जनुकाच्या सुरुवातीपासून साधारण अडीचशे अक्षरं मागे आहे. पेशीद्रवात हीट शॉक प्रथिन-९० ला चिकटून बसलेला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर डेक्सा मिळताच सुटतो, अर्ध्या तासाच्या आत केंद्रकात जातो आणि जोडीने डीएनएवर बसतो. त्याची आवडती जागा म्हणजे एजीएएसीए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टीजीटीटीसीटी. समोरची साखळी उलटीकडून वाचली तरी तेच अक्षरक्रम येतात, म्हणून रिसेप्टरची जोडी तिथे समोरासमोर बसू शकते.

धातूचं दार त्याहून जवळ आहे, आणि ते एक नाही, अनेक आहेत. गाभा सात अक्षरांचा: टीजीसी, मग ए किंवा जी, मग सी, मग कुठलंही एक, मग सी. यावर एमटीएफ-१ नावाचं प्रथिन बसतं. त्याला सहा झिंक फिंगर, म्हणजे जस्त धरणाऱ्या बोटांसारख्या घड्या, आहेत. पेशीत मोकळं जस्त वाढलं की या फिंगर भरतात आणि प्रथिनाची डीएनएवरची पकड घट्ट होते. म्हणजे जस्त मोजणारा आणि जनुक चालू करणारा एकच.

कॅडमियमबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ते एमटीएफ-१ ला स्वतः पकडून चालू करत नाही. आधीच्या एमटीला आणि इतर प्रथिनांना चिकटलेलं जस्त ते हुसकून लावतं, आणि ते सुटलेलं जस्त एमटीएफ-१ पर्यंत पोचतं. म्हणूनच ५ मायक्रोमोलार कॅडमियम १०० मायक्रोमोलार जस्ताच्या तोडीचं काम करतं.

दारं वेगळी आहेत याचा पुरावा मायकेल कारिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिला. मानवी एमटी-२ए चा प्रमोटर तुकड्यातुकड्याने कापत गेलं तर एका टप्प्यावर संप्रेरकाचा प्रतिसाद जातो आणि कॅडमियमचा शिल्लक राहतो. डेक्सा केवळ जस्त ओढून काम करत असतं तर असं वेगळं पाडता आलंच नसतं.

पण परीक्षकांचा प्रश्न पोकळ नाही. डेक्साने पेशीत जस्ताचं शोषण खरंच वाढतं. शिवाय धातू न मिळालेलं रिकामं एमटी पेशी पटकन मोडून टाकते. तेव्हा उत्तर दोन भागांत द्यायचं: संदेश वाढायला संप्रेरक पुरतं, पण प्रथिन टिकायला जस्त लागतंच. तुमच्या वेस्टर्नच्या तक्रारीत याचाही वाटा असू शकतो.

ताळगावपठार

हे दोन भाग प्लेटवर वेगळे कसे दाखवायचे? नुसतं डेक्सा आणि नुसतं जस्त एवढ्याने होणार नाही ना?

पेट्रीबशी

नाही होणार. तीन अडथळे घाला.

पहिला आरयू-४८६, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवणारं मिफेप्रिस्टोन, १ मायक्रोमोलार, डेक्साच्या अर्धा तास आधी. डेक्साचा परिणाम खाली आला पाहिजे, जस्ताचा जसाच्या तसा राहिला पाहिजे. एक वेल (प्लेटमधला खळगा) नुसत्या आरयू-४८६ ची हवीच, कारण काही पेशींत ते स्वतःच थोडं चालू करतं.

दुसरा टीपीईएन, पेशीत शिरून जस्त पकडणारं. ३ ते ५ मायक्रोमोलार, त्याहून वर नको. ते फार झालं तर काही तासांत पेशी आत्मघाताच्या वाटेला लागतात आणि सगळेच संदेश पडतात. मग आपल्याला वाटतं जस्ताचा परिणाम गेला, प्रत्यक्षात पेशीच चाललेली असते. म्हणून त्याच वेलमध्ये जस्ताशी संबंध नसलेलं एखादं जनुक मोजायचं. टीपीईएन असताना डेक्साचा संदेश उरला तर थेट परिणामाचा तो चांगला पुरावा.

तिसरा सायक्लोहेक्सिमाइड, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, अर्धा तास आधी. नवं प्रथिन बनणं थांबवूनही संदेश वाढला, तर मधे दुसरं कुठलं नवं प्रथिन लागत नाही हे सिद्ध होतं. इथे एक खोच आहे: सायक्लोहेक्सिमाइड एकट्यानेही एमटीचा संदेश वर नेतं. त्याची स्वतंत्र वेल नसेल तर संपूर्ण निष्कर्ष कोसळतो.

वेळेचंही बोलू. २४ तास हा संदेशासाठी वाईट क्षण आहे. जस्ताने संदेश साधारण ४ ते ८ तासांत शिखरावर असतो. त्यानंतर तयार झालेलं एमटीच जस्त गिळतं, एमटीएफ-१ ला मोकळं जस्त मिळेनासं होतं आणि संदेश उतरतो. डेक्साच्या बाजूला रिसेप्टर स्वतःचं प्रमाण घटवतो. तुम्ही ओसरलेली भरती मोजताय. संदेशासाठी ०, २, ६ आणि १२ तास ठेवा, प्रथिनासाठी १२ आणि २४.

खाजनबांध

जस्ताचा परिणाम खेपेखेपेला बदलतो म्हणालात, त्याचं कारण बाटलीत आहे. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्याची बाटली दोन-चारदा उघडली की वरचा थर ओला होतो, दाणे स्पॅचुलाला पाकासारखे चिकटतात, आणि तराजूवर आकडा बघता बघता वर चढतो. तो आकडा पाण्याचा. तुम्हाला वाटतं १०० मायक्रोमोलार, पेशींना मिळतं ६०, कधी ७०.

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्या. त्यात सात पाण्याचे रेणू आधीच मोजलेले असतात आणि कोकणपट्टीच्या हवेत ते बऱ्यापैकी स्थिर राहतं. रेणुभार २८७.५. ०.२८७५ ग्रॅम १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात म्हणजे १०० मिलिमोलार. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, छोटे भाग करून ठेवा. दर मिलिलिटर मीडियमला १ मायक्रोलिटर टाकलं की १०० मायक्रोमोलार. स्टॉक किंचित आम्लधर्मी असतो, तो तसाच राहू द्या. सोडा टाकून पीएच सात करायला गेलात तर झिंक हायड्रॉक्साइडचा दुधट साका बसेल.

फॉस्फेटकडेही लक्ष द्या. आरपीएमआय मीडियममध्ये फॉस्फेट डीएमईएमच्या सहापट आहे. त्यात जस्त टाकल्यावर मायक्रोस्कोपखाली बारीक चमकणारे कण दिसले तर तो झिंक फॉस्फेट, जंतुसंसर्ग नाही. डीएमईएमवरच राहा. जस्त आधी थोड्या कोमट मीडियममध्ये मिसळून मग वेलमध्ये घाला, थेट पेशींवर थेंब सोडू नका.

पेट्रीबशी

खाजनबांध दादांच्या मुद्द्याला जोडून सीरमचं. सीरममधला अल्ब्युमिन जस्त धरून ठेवतो. १० टक्के सीरममध्ये १०० मायक्रोमोलार जस्त पेशी आरामात सोसतात. तेच १०० मायक्रोमोलार सीरमविना दिलं तर पेशी मरतात. म्हणून जस्ताचं प्रमाण सांगताना सीरमचं प्रमाण सांगितलं नाही तर तो आकडा निरर्थक आहे. सीरम २ टक्क्यांवर आणलंत तर ५० मायक्रोमोलारपासून सुरुवात करा आणि एमटीटी चाचणी लावून पेशी जगताहेत की नाही हे बघून मग वर जा.

आणि डेक्सा जेमतेम का चालतं? साध्या सीरममध्ये कॉर्टिसोल, म्हणजे डेक्साच्याच जातीचं नैसर्गिक संप्रेरक, असतंच. दार आधीच किलकिलं आहे, त्यावर तुम्ही टकटक करताय. चारकोल-डेक्स्ट्रानने धुतलेलं सीरम वापरा, त्यातली स्टेरॉइडं निघून जातात. पेशी त्यात किमान १६ तास ठेवा, मग डेक्सा द्या. यकृतपेशींची तयार मीडियम वापरणाऱ्यांनी पाकिटावरची यादी वाचावी, कित्येकांत डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोन आधीच घातलेलं असतं. इन्सुलिन पुरवणीतही जस्त असतं.

डेक्साचा स्टॉक: ३.९२ मिलिग्रॅम १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलार. तो इथेनॉलमध्येच शंभरपट पातळ करून १०० मायक्रोमोलार. मीडियमच्या दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर, म्हणजे १०० नॅनोमोलार डेक्सा आणि ०.१ टक्का इथेनॉल. कंट्रोलच्या वेलला आणि जस्ताच्या वेललाही तेवढंच इथेनॉल गेलं पाहिजे, हे नेहमी विसरलं जातं. डेक्साचा डोस वाढवून काही साधत नाही, १०० नॅनोमोलारला रिसेप्टर जवळजवळ भरलेला असतो.

हेपजी-२ मध्ये हा रिसेप्टरच कमी असतो. म्हणून दोन साक्षीदार जनुकं मोजा. संप्रेरकासाठी एफकेबीपी-५, धातूसाठी झेडएनटी-१, म्हणजे जस्त पेशीबाहेर काढणाऱ्या पंपाचं जनुक. तेही एमटीएफ-१ च्याच ताब्यात असतं. डेक्सा देऊन एफकेबीपी-५ वाढलं नाही तर त्या पेशीत डेक्सा काम करतच नाहीये, एमटीबद्दल बोलायची वेळच आली नाही. एफकेबीपी-५ वाढलं आणि एमटी-२ए नाही, तर मात्र सांगण्यासारखं काहीतरी सापडलं.

सांतिनेज

वेस्टर्नचा भाग मी घेते. रिकाम्या ब्लॉटचं कारण बहुतेक वेळा पेशीत नसतं, ट्रान्सफरमध्ये, म्हणजे प्रथिन जेलमधून मेम्ब्रेनवर नेण्यात, असतं.

एमटी-२ए फक्त ६१ अमिनो आम्लांचं, ६ ते ७ किलोडाल्टन. त्यातली २० सिस्टीन. इतकं लहान प्रथिन नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार जातं आणि धुण्यात निघूनही जातं. ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घ्या. जेल १६.५ टक्के ट्रायसीन. ट्रान्सफर बफरात एसडीएस (साबणासारखं रसायन) अजिबात नको, मेथॅनॉल २० टक्के, आणि २ मिलिमोलार कॅल्शियम क्लोराइड घातलं तर प्रथिन मेम्ब्रेनवर जास्त टिकतं. ट्रान्सफर थंडीत, कमी वेळ. पहिल्या खेपेला मागे दुसरा मेम्ब्रेन ठेवा आणि दोन्हीवर अँटिबॉडी लावा. मागच्यावर बँड आला तर वेळ कमी करायची.

ट्रान्सफर झाल्याबरोबर मेम्ब्रेन २.५ टक्के ग्लुटरअल्डिहाइडमध्ये एक तास, फ्यूम हूडमध्ये. यानेच प्रथिन मेम्ब्रेनला जखडलं जातं. मग पीबीएसने (खारट बफरने) तीनदा धुवा, शेवटच्या धुण्यात ५० मिलिमोलार मोनोइथेनॉलअमाइन घाला म्हणजे उरलेले मोकळे अल्डिहाइड गट बंद होतात. ते केलं नाही तर अँटिबॉडी सगळीकडे चिकटते आणि ब्लॉट काळा येतो. अँटिबॉडी ई-९ क्लोनची चांगली, पण ती एमटी-१ (एमटीचाच दुसरा प्रकार) आणि एमटी-२ दोन्ही ओळखते. म्हणून ब्लॉटखाली एमटी-१/२ असंच लिहायचं.

सॅम्पल बफरमध्ये सिस्टीन सुटे ठेवणारं डीटीटी, त्याच दिवशी विरघळवलेलं, १०० मिलिमोलार. जुनं डीटीटी वापरलं की सिस्टीन एकमेकांना जुळतात आणि वर डाग पसरतो. बँड अपेक्षेपेक्षा वर, १० ते १४ किलोडाल्टनच्या आसपास दिसला तर घाबरू नका, एमटी तसंच धावतं. कूमासी रंग त्याला फिका बसतो. आणि २८० नॅनोमीटरवर तर ते दिसतच नाही, कारण त्यात एकही टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन नाही. कॅडमियम भरलेलं एमटी मात्र २५० च्या आसपास खांदा दाखवतं, तो सल्फर आणि कॅडमियमच्या बंधाचा.

अजून एक सोय. एमटी उष्णतेला दाद देत नाही. लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्रव, ९५ अंशांवर ५ ते १० मिनिटं उकळवा, वेगाने फिरवा, बाकीची प्रथिनं साकळून खाली बसतात आणि एमटी वरच्या द्रवात राहतं. कमी पेशी असतील तर याने बँड उजळतो.

केपेंकार

विषयाच्या जवळचं विचारतो. आमच्या गोव्यातल्या डिचोली, सांगे, केपे भागात धातू म्हटलं की लोखंड आणि मँगनीज. लोखंडाने हेच एमटी वाढतं का?

पेट्रीबशी

नाही, केपेंकारबाब. लोखंडाची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे आणि माझ्या मते ती याहून सुंदर आहे. एमटीत जनुक चालू होतं, म्हणजे संदेश जास्त लिहिले जातात. लोखंडाच्या बाबतीत संदेश आधीच लिहून ठेवलेले असतात, फक्त वाचले जात नाहीत.

लोखंड साठवणाऱ्या फेरिटिन प्रथिनाच्या संदेशाच्या सुरुवातीच्या टोकाला जवळपास तीस अक्षरांची केसपिनेसारखी घडी असते. लोखंड कमी असताना आयआरपी नावाची प्रथिनं तिला धरून बसतात आणि रायबोसोमला पुढे जाऊ देत नाहीत. लोखंड वाढलं की आयआरपी-१ मध्ये चार लोखंड आणि चार गंधकाचा गुच्छ बसतो, तो घडी सोडून देतो आणि अकोनिटेज नावाचं एन्झाइम म्हणून कामाला लागतो. आयआरपी-२ मोडून टाकला जातो. मग पडून असलेल्या संदेशांवरून फेरिटिन बनायला लागतं. फेरिटिनची पोकळी २४ तुकड्यांची, एका पोकळीत साडेचार हजारांपर्यंत लोखंडाचे अणू मावतात. उलट पेशीत लोखंड आणणाऱ्या ट्रान्सफरिन रिसेप्टरच्या संदेशाला अशा पाच घड्या शेवटच्या टोकाला असतात. तिथे आयआरपी बसले की संदेश टिकतो, सुटले की तुटतो. लोखंड कमी असेल तर आत आणणारी दारं जास्त, साठवायची कोठारं कमी. जास्त झालं की उलट.

प्रयोगात दाखवायचं तर फेरिक अमोनियम सायट्रेट मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, रात्रभर. एका वेलमध्ये नवे संदेश लिहिणं थांबवणारं अॅक्टिनोमायसिन-डी, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, पण ४ ते ६ तासांपुरतंच. नवा संदेश बंद असूनही फेरिटिन वाढतं. तीच औषधी जस्ताच्या वेलमध्ये घातली तर एमटी वाढत नाही. दोन यंत्रणांमधला फरक एका ब्लॉटवर दिसतो. खाणीतलं हेमटाइट मात्र पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्याची धूळ पेशींवर टाकून यातलं काही दिसेल अशी अपेक्षा नको.

शापोराखाडी

शिनाण्यांवर (खाडीतल्या शिंपल्यांवर) काम करणाऱ्यांनी इथली मांडणी जशीच्या तशी उचलू नये. शिनाण्यांत धातूने एमटी वाढतं, त्यावरून खाडीतलं प्रदूषण जोखतातही. पण त्यांना ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नाही, तेव्हा डेक्साचं दारच नाही. आणि मांडवी-जुवारी नद्यांत पावसाळ्यात पाण्याची खारटी एकदम उतरते. खारटी, प्रजनन आणि ऋतू या तिन्हींनी शिनाण्यांचं एमटी बदलतं. मे मधले आणि ऑगस्टमधले नमुने शेजारी ठेवून फरक धातूचा आहे म्हणणं चूक.

म्हापशेंकर

रुग्णांच्या बाजूने थोडं, कारण पेशीतली ही यंत्रणा औषध म्हणून रोज वापरली जाते.

विल्सन रोगात तांबं साठतं. तिथे जस्त देतात, प्रौढांना मूलद्रव्य जस्त ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणापासून किमान तासभर दूर. अमेरिकेत झिंक अॅसिटेटला यासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली. काम करतं ते एमटी: जस्ताने आतड्याच्या अस्तराच्या पेशीत एमटी तयार होतं. एमटीला तांबं जस्तापेक्षा जास्त प्रिय, म्हणून अन्नातलं तांबं त्या पेशीतच अडकतं. काही दिवसांत पेशी झडते आणि तांबं विष्ठेवाटे बाहेर. परिणाम यायला महिने लागतात, म्हणून लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीला जस्तावरच सोडत नाहीत. आणि याच कारणाने डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने जास्त डोसच्या जस्ताच्या गोळ्या घेणाऱ्याला तांब्याची कमतरता होते: रक्तक्षय, पांढऱ्या पेशी कमी, पायांत बधिरपणा. लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय दिसला तर जस्ताबद्दल विचारावं.

दुसरं, तापात किंवा जंतुसंसर्गात रक्तातलं जस्त खाली येतं. इंटरल्युकिन-६ (दाहाचा निरोप देणारं प्रथिन) आणि शरीरातलं कॉर्टिसोल मिळून यकृतात एमटी वाढवतात आणि जस्त तिकडे ओढलं जातं. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला असताना जस्त कमी आलं म्हणून लगेच कमतरता म्हणू नये. नमुना सकाळी उपाशीपोटी, गडद निळ्या बुचाच्या ट्रेस एलिमेंट नळीत घ्यावा, कारण साध्या रबरी बुचातून जस्त सुटतं. लाल पेशी फुटलेला नमुना टाकून द्यावा, त्यांच्यात जस्त प्लाझ्माहून कितीतरी जास्त असतं.

कॅडमियमचं उलटं दुःख आहे. यकृतातलं कॅडमियम धरलेलं एमटी रक्तात येतं, मूत्रपिंडात गाळलं जातं, नलिकेच्या पेशी ते परत शोषतात आणि मोडतात, आणि आतलं कॅडमियम तिथेच मोकळं होतं. मूत्रपिंडात त्याचं निम्मं प्रमाण व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. तंबाखूचं पान कॅडमियम मातीतून ओढून साठवतं, म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण जास्त असतं. एमटी पहिल्यांदा सापडलं ते घोड्याच्या मूत्रपिंडात, १९५७ मध्ये, मार्गोशेस आणि व्हॅली यांना, आणि तेही कॅडमियम धरलेल्या अवस्थेत. आता त्याचं कारण लक्षात येईल.

खाजनबांध

कॅडमियम वापरणार असाल तर: निर्जल कॅडमियम क्लोराइड ९.१७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात म्हणजे ५ मिलिमोलार, दर मिलिलिटर मीडियमला १ मायक्रोलिटर म्हणजे ५ मायक्रोमोलार. पूड फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून तोला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत कर्करोगकारक म्हणून ते पहिल्या गटात आहे. पहिलं धुतलेलं पाणीसुद्धा सिंकमध्ये नको. मीडियम, टिपा, पीबीएस सगळं वेगळ्या बाटलीत, बाटलीवर कॅडमियम असं ठळक लिहून, अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्यांकडे. आपल्या सांडपाण्याची वाट शेवटी खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) आणि खाडीतच जाते.

ताळगावपठार

देव बरें करूं. दोन गोष्टी राहिल्या. संदेश पीसीआरने मोजताना प्रायमरबद्दल (जनुक ओळखणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांबद्दल) काही धोका? आणि डेक्सा व जस्त एकत्र दिल्यावर आकडे कसे वाचायचे?

सांतिनेज

प्रायमरमध्ये मोठा धोका आहे. एमटीची जनुकं १६व्या गुणसूत्रावर गठ्ठ्याने आहेत आणि एमटी-१ चे प्रकार एकमेकांशी फार जुळतात. प्रायमर कोडच्या भागात ठेवलात तर चार जनुकं मिळून एक आकडा येतो. ३ प्राइम बाजूच्या अकोडित भागात (संदेशाच्या शेवटच्या टोकाला, जिथून प्रथिन बनत नाही) ठेवा, आणि उत्पादन एकदा तरी सिक्वेन्स करून बघा. दुसरं, एमटी-२ चं इंट्रॉन नसलेलं बनावट जनुक मानवी जिनोममध्ये आहे. त्यामुळे इंट्रॉन ओलांडणारा प्रायमर असला म्हणून जिनोमिक डीएनए धरला जाणार नाही, हा भरवसा इथे चालत नाही. डीएनए मोडणारं डीनेज लावाच, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (संदेशावरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला. ती नमुन्यापेक्षा पीसीआरच्या निदान सात सायकल मागे असली पाहिजे.

पेट्रीबशी

एकत्र वाचायचं असं. समजा कंट्रोल १, डेक्साने ३, जस्ताने १२. दोन दारं स्वतंत्रपणे आपापली भर घालत असतील तर एकत्र १४ यावं: १, अधिक २, अधिक ११. एकमेकांना बळ देत असतील तर गुणाकार, ३६. सीटीच्या (पीसीआरमध्ये खूण दिसायला लागणाऱ्या सायकलींच्या) भाषेत १४ म्हणजे ३.८ सायकल आणि ३६ म्हणजे ५.२. दीड सायकलीच्या आतला हा फरक आहे, तो पकडायला तीन वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या पेशी हव्यात. एकाच वेलच्या तीन नळ्यांनी काम भागणार नाही. तुलनेच्या संदर्भ जनुकासाठी जीएपीडीएच एकट्यावर विसंबू नका, आरपीएलपी-० आणि टीबीपी सोबत घ्या.

प्लेट: सहा वेलची, वेलमध्ये ३ लाख हेला, २ मिलिलिटर मीडियम. २४ तास बसू द्या. ट्रिप्सिनचा धक्का आणि मीडियम बदलणं यानेही एमटी हलतं, म्हणून धुतलेल्या सीरमवर नेल्यानंतर पुन्हा १६ तास हात लावायचा नाही. उपचाराच्या वेळी नवं मीडियम घालू नका, आहे त्यात २ मायक्रोलिटर स्टॉक घाला. जस्ताचा मात्र खाजनबांध दादांनी सांगितला तसा त्याच वेलमधल्या थोड्या मीडियममध्ये मिसळून. डेक्सासाठी ६ तासांची आणि २४ तासांची प्लेट एकाच दिवशी पेरा. आणि प्रथिनाच्या प्लेटवर डेक्सासोबत २० मायक्रोमोलार जस्ताची एक वेल ठेवा. एवढ्याशा जस्ताने संदेश फारसा हलत नाही, पण डेक्साने लिहिलेल्या संदेशांवरून बनलेल्या प्रथिनाला धरायला धातू मिळतो. डेक्साच्या एकट्या वेलमध्ये फिका आणि या वेलमध्ये ठळक बँड आला, तर परीक्षकांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धाही तुमच्या ब्लॉटवर आहे. त्याच्या शेजारी २० मायक्रोमोलार जस्त एकट्याची लेन मात्र हवीच.

सांतिनेज

आणि लायसेट उणे ८० वर ठेवताना छोटे भाग करा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका, सिस्टीन जुळून बँड वर सरकतो. लायसेट पुन्हा लावायचं झालं तर नवं डीटीटी घालून परत पाच मिनिटं ९५ अंशांवर, मगच जेल.